दाताला दात लागेपर्यंत

२४ जून २०२३, शनिवार. सकाळची शाळा सुटली होती, साडेअकरा वाजले असतील. बुधगावहून माधवनगरमार्गे सांगलीतल्या विश्रामबागला घरी येत होते. त्या वर्षी पावसानं जूनभर वाट बघायला लावली होती आणि नेमकी त्याच दिवशी पहिली सर येऊन गेली. पहिल्या पावसात डांबरावर जो तेलकट थर येतो, तो मला ठाऊक नव्हता असं नाही. पुढचा टेम्पो थांबला, मी ब्रेक दाबला, स्कूटी आडवी झाली. हात हँडल सोडेनात. त्यामुळं जमिनीला पहिली टेकली ती हनुवटी.

हेल्मेट होतं, पण अर्धं. अंबाड्यावर नीट बसतं म्हणून मीच हौसेनं घेतलेलं. डोक्याला खरचटलंसुद्धा नाही. हनुवटी मात्र त्याच्या हद्दीत येत नव्हती.

रस्त्यावरच्याच एका दवाखान्यात नेलं. हनुवटी फाटली होती, चार टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन, दुखण्याच्या गोळ्या. बाराशे रुपये, चिठ्ठीवर लिहून. ‘मुका मार आहे, दोन दिवसांत उतरेल,’ असं सांगून घरी पाठवलं. रक्त वाहत होतं ते थांबवलं, त्यात काही चुकलं नाही. पण ‘दात चावून दाखवा बघू’ एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं, तर माझे दोन दिवस वाचले असते.

कारण रात्री वरणभाताचा पहिला घास घेतला आणि कळलं, की दातावर दात बसत नाही. उजवीकडच्या दाढा आधी टेकत होत्या आणि डावीकडं बोटभर फट. इतकी वर्षं तोंड मिटताना कुठला दात कुठं बसतो याचा कधी विचार केला नव्हता. ते आपलं आपण होतं. खाली डावीकडं सुळा आणि त्याच्या पुढचा दात यांच्यामध्ये जिभेला चक्क पायरी लागत होती. खालचा ओठ डावीकडं बधीर, दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर होतो तसा. रविवारी सकाळी आरशात जीभ उचलून पाहिली तर खाली जांभळं-निळं झालेलं. आणि मार हनुवटीला असून दुखत होतं उजव्या कानापुढं. सासूबाई म्हणाल्या, ‘कान शेकू का?’ मीही शेकून घेतला.

सोमवारी, २६ तारखेला, हे सुट्टी काढून थांबले आणि आम्ही कॉलनीजवळच्या दातांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी माझं बोलणं अर्ध्यातच थांबवलं. दोन बोटं पायरीच्या अलीकडं, दोन पलीकडं धरून अगदी हलकेच हलवलं. माझा जबडा दोन वेगवेगळ्या दिशांना गेला. ते जे वाटलं ते मला अजून सांगता येत नाही. दुखण्यापेक्षा भीतीच जास्त, आपल्या अंगातलं काहीतरी आपलं राहिलं नाही अशी. मग ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढला. त्यात डोकं एका जागी धरून उभं राहायचं आणि मशिन आपल्याभोवती फिरतं. सगळा जबडा एका लांब पट्टीसारखा दिसतो. साडेचारशे रुपये. पट्टीवर डाव्या सुळ्याजवळून खाली गेलेली काळी रेघ मलासुद्धा दिसली. उजव्या कानापुढची डॉक्टरांनी दाखवली. जबड्याच्या वरच्या टोकाला जो गोळा कानापुढच्या खोबणीत फिरतो, त्याच्या मानेत दुसरी रेघ होती.

‘हे माझं काम नाही, मॅक्सिलोफेशियल सर्जनकडं जा, आजच जा,’ असं म्हणून त्यांनी एक गोष्ट केली, जिच्यासाठी मी त्यांना कायम दुवा देईन. फटीच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन दात बारीक तारेनं तात्पुरते एकत्र बांधले. दहा मिनिटांचं काम. तुकडे हलायचे थांबले आणि दुखणं निम्म्यावर आलं. तपासणीसकट तीनशे रुपये घेतले.

आता मॅक्सिलोफेशियल म्हणजे कोण, यावर घरात दुपारभर फोन सुरू. धाकटे दीर म्हणाले हाडाच्या डॉक्टरकडं न्या. माझा भाऊ म्हणाला प्लॅस्टिक सर्जन. एका मावससासऱ्यांनी कुठल्याशा हाडवैद्याचा नंबर पाठवला, तो पट्टा बांधतो म्हणे. हाच गोंधळ इतर कुणाचा होऊ नये म्हणून लिहिते: हे सर्जन मुळात दातांच्या शाखेतले, बीडीएसनंतर एमडीएस केलेले. चेहऱ्याची आणि जबड्याची हाडं हा त्यांचा विषय. दाताचा डॉक्टर जबड्याचं ऑपरेशन कसा करतो, हा प्रश्न मला पडला होता. पुढं तोच प्रश्न विमा कंपनीलाही पडला. त्याचं उत्तर डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दिलं.

मिरज आमच्यापासून पंधरा मिनिटांवर. इथल्या लोकांना दवाखाना म्हटलं की मिरजच. संध्याकाळी चेहऱ्याचा सिटीस्कॅन झाला, चार हजार. संगणकावर माझी कवटी गोल गोल फिरवून डॉक्टर दाखवत होते आणि हे दुसरीकडं बघत होते.

‘ताई, बांगडी एकाच जागी फुटते का?’ त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ‘तसाच जबडा. हनुवटीच्या डाव्या बाजूला मार बसला की तिथं मोडतो आणि तोच धक्का पलीकडून वर जाऊन उजव्या कानापुढं दुसरीकडं मोडतो.’ मग दोन वाटा सांगितल्या. पहिली जुनी. वरच्या आणि खालच्या दातांना धातूच्या पट्ट्या बांधायच्या, त्या एकमेकींना तारांनी आवळून तोंड बंद करायचं, चार ते सहा आठवडे. हाड आपोआप जुळतं, खर्च पंचवीस-तीस हजार. दुसरी, पट्ट्या बांधायच्याच, पण मोडलेली जागा उघडून टायटॅनियमच्या छोट्या प्लेटा स्क्रूनं बसवायच्या. मग तोंड इतके दिवस बंद ठेवावं लागत नाही. खर्च लाख-सव्वा लाख.

‘पण दोन्हींत पहिलं काम एकच,’ ते म्हणाले, ‘दात जुळवणं. हाडाची टोकं मी डोळ्यांनी कितीही नीट लावली आणि दात केसभर चुकले, तर तुम्हाला जन्मभर कळत राहील. दात जसे पूर्वी बसत होते तसे आधी बांधायचे. दात जागेवर आले की हाडाला जागेवर यावंच लागतं.’ म्हणून दातांचा डॉक्टर. मला पटलं. पुढचे अडीच महिने जो भेटला त्यानं एकच विचारलं, दात जुळतात का?

उजवीकडचा तुकडा मात्र उघडणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मी पाटीवर लिहून विचारलं, का? (ही पाटी लेकीची पहिलीतली, घरून निघताना सुचलं म्हणून पिशवीत टाकलेली. कागदापेक्षा बरी, पुसता येते.) तर म्हणाले, तिथं जायचं म्हणजे चेहरा हलवणारी नस वाटेत येते. तुकडा फार सरकलेला असता, दात काही केल्या जुळत नसते, तर तो धोका घ्यावा लागला असता. तुमचा थोडाच कललाय, दातांच्या पट्ट्यांना रबरं अडकवून भागेल. मला या उत्तरानं सगळ्यात जास्त धीर आला. जो डॉक्टर काय करणार नाही तेही कारणासकट सांगतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

त्याच रात्री ॲडमिट झाले. अपघात असल्यानं हॉस्पिटलनं एमएलसी केली, म्हणजे पोलिसांना कळवलं. मंगळवारी सकाळी हवालदार जबाब घ्यायला आले. मला बोलता येईना, म्हणून जबाब मीच लिहिला. ‘स्वतःच घसरला ना बाई? कुणावर तक्रार नाही ना?’ एवढं विचारून त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, ‘अक्षर लई चांगलंय.’ या कागदाची झेरॉक्स लगेच घ्या. विम्यासाठी तीनदा लागली.

विमा ह्यांच्या कुपवाड एमआयडीसीतल्या कंपनीचा, ग्रुप पॉलिसी. कॅशलेसचा अर्ज मंगळवारी दुपारी गेला. संध्याकाळी क्वेरी आली: दंतोपचार पॉलिसीत बसत नाहीत. सर्जनच्या नावापुढं एमडीएस दिसलं आणि कुणीतरी तिथंच शिक्का मारला असावा. हे चिडून फोनवर बोलायला लागले, पण हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरची, म्हणजे विम्याचे कागद बघणारी मुलगी शांत होती. म्हणाली, ‘दर महिन्याला येते ही क्वेरी.’ तिनं सर्जनचं पत्र लावलं: अपघातात खालच्या जबड्याचं हाड दोन ठिकाणी मोडलंय, पूर्ण भूल आणि ॲडमिशन गरजेचं आहे. बऱ्याच पॉलिसींत दातांचे उपचार वगळलेले असतात, पण अपघातामुळं ॲडमिट व्हावं लागलं तर ते चालतात. तो नियम छापलेलं पान ह्यांनी शोधून जोडलं. शिवाय दारूच्या अमलाखाली नव्हते, असा दाखला मागितला. सकाळची शाळा सुटून येणाऱ्या बाईला! मंजुरी बुधवारी संध्याकाळी साडेसहाला आली.

तोवर मंगळवारी संध्याकाळीच दातांच्या पट्ट्या बांधून झाल्या होत्या. याला आर्च बार म्हणतात. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मला याची कुणी कल्पना दिली नव्हती आणि सगळ्या प्रकरणात जागेपणी सोसलेलं सगळ्यात मोठं काम हेच.

आधी हिरड्यांत सात-आठ इंजेक्शनं. मग एक चपटी, लवचीक पट्टी, तिला बारीक बारीक आकडे. डॉक्टरांनी ती माझ्या वरच्या दातांवर धरून मापानं कापली, गजऱ्याची लांबी केसांवर धरून बघतात तशी. वरच्या पट्टीचे आकडे वर तोंड करून, खालच्या पट्टीचे खाली. मग एकेका दाताभोवती तार. तार एका फटीतून आत घालायची, दाताच्या मागून फिरवून दुसऱ्या फटीतून बाहेर काढायची, एक टोक पट्टीच्या वर, एक खाली, आणि पकडीनं पीळ द्यायचा. पीळ बसताना कवटीतून आवाज येतो, चर्र्र. शेवटच्या पिळाला दात मुळापासून आवळल्यासारखा वाटतो. मग टोक कापून दोन दातांच्या मध्ये दाबून टाकायचं. असं अठरा वेळा. मोडलेल्या जागी मात्र पट्टी तोडून दोन भागांत बांधली, नाहीतर चुकीच्या जागीच हाड घट्ट झालं असतं. सव्वा तास लागला. माझ्या मुठीत मावशीचा हात होता, वॉर्डातल्या. तिनं शेवटी हळूच सोडवून घेतला.

तारेची टोकं कितीही दाबली तरी ओठांना टोचतात. दातांच्या दुकानात एक मेण मिळतं, वाटाण्याएवढं घेऊन टोकावर दाबायचं. साठ-सत्तर रुपयांची डबी. ही पहिल्याच दिवशी आणा, मी तिसऱ्या दिवशी आणली.

गुरुवारी, २९ ला, आषाढी. त्या दिवशी बकरी ईदही होती. थिएटर फक्त तातडीच्या केसेसना सुरू, म्हणून माझा नंबर शुक्रवारी. वॉर्डात सगळीकडं साबुदाण्याचा वास. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणत यांनी माझ्यासमोर खिचडी खाल्ली आणि मला ताक. शेजारच्या कॉटवर जतकडचे एक आजोबा होते, बैलानं ढुशी दिलेली. त्यांना एकही दात नव्हता. मला प्रश्न पडला, यांचं काय जुळवणार? तर त्यांची कवळीच जबड्याला बांधली होती. खालची कवळी जागेवर ठेवून तिच्यावरून आणि हाडाखालून तार फिरवून आवळलेली. आजोबा सांगायचे, ‘आता कवळी हरवायची चिंता मिटली.’ रात्री झोप येईना म्हणून मी मोबाइलवर वाचत बसले, तर ही युक्ती जुनीच निघाली. १८६५ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री सीवर्ड बग्गीच्या अपघातात जबडा मोडून घेऊन बसले, तेव्हा गनिंग नावाच्या दंतवैद्यानं त्यांच्या तोंडात कडक रबराचा साचा बसवला होता. असल्या साच्याला अजून गनिंगचंच नाव आहे.

३० जून, शुक्रवार. रात्री दहानंतर पाणीसुद्धा नाही. भूलतज्ज्ञ मॅडमनी आधी येऊन समजावलं, की श्वासाची नळी तोंडातून नाही, नाकातून जाईल. ऑपरेशनमध्ये दात मिटून बांधायचे असतात, नळी मध्ये असली तर मिटणार कसे? नाकाचं हाड वाकडं आहे का, कुठल्या नाकपुडीतून जास्त वारा येतो, हे त्यांनी मला श्वास घ्यायला लावून तपासलं. पावणेदहाला आत गेले. दिवा, गार हवा, हाताला सुई, एवढंच माझं.

बाकीचं डॉक्टरांनी नंतर सांगितलं, मी पाटीवर विचारत गेले तसं. बाहेरून काप नाही. खालचा ओठ खेचून, हिरडीच्या खाली आतूनच उघडलं. तिथं ओठाची संवेदना नेणारी नस हाडातून बाहेर येते, ती सांभाळायची. तुकडे मोकळे करून हलवून दात जुळवले, वरची-खालची पट्टी तारांनी घट्ट बांधली, म्हणजे तोंड अगदी मिटलेलं. मग दोन प्लेटा, एक वर दातांच्या मुळांच्या खाली, दुसरी जबड्याच्या खालच्या कडेला. प्रत्येकी चार स्क्रू. स्क्रू दोन मिलिमीटर जाडीचे, खालच्या प्लेटचे आठ मिलिमीटर लांब, वरचे आखूड, मुळांना लागू नयेत म्हणून. शेवटी बांधलेलं तोंड सोडून जबडा उघडमीट करून पाहिला, दात आपोआप जागेवर बसले, मग टाके. टाके विरघळणारे.

‘दोन कशाला? एक मोठी का नाही?’ हा माझा पाटीवरचा प्रश्न. चौथीच्या पोरांना शिकवणाऱ्या बाईला असं राहवत नाही. उत्तर असं, की चावताना जबड्यात कुठं ताण येतो आणि कुठं दाब, हे १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या मॅक्सिम शांपी या सर्जननी शोधून रेषा आखल्या. मागं, अक्कलदाढेजवळ, वरची कड उघडू पाहते, तिथं योग्य रेषेवर एक छोटी प्लेट पुरते. पुढं हनुवटीकडं मात्र दोन्ही बाजूंचे स्नायू हाडाला पीळ देतात, ओला पंचा पिळावा तसा. एकटी प्लेट पिळाला पुरत नाही, म्हणून वर-खाली दोन. हाडाचा चुराच झाला असेल, तर मात्र जाडजूड प्लेट लागते. ती त्यांनी ड्रॉवरमधून काढून दाखवली. माझ्या प्लेटा तिच्यापुढं शाळेच्या बॅगेच्या बक्कलाएवढ्या.

शुद्धीवर आले तेव्हा घसा सोललेला, नाकात रक्ताचा वास, आणि तहान. तोंड मोकळं होतं. पहिल्या रात्री उलटी होऊ शकते म्हणून रबरं लावत नाहीत. शनिवारी सकाळी डॉक्टरांनी वरच्या-खालच्या आकड्यांत रबरं अडकवली आणि तोंड मिटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मला त्या सकाळी कळला. पहिला तासभर छातीत धडधड. नाकानं श्वास नीट येत होता, पण मन ऐकेना. सिस्टरनी हातात एक छोटी कात्री दिली. ‘उलटी आली, जीव घाबरला, तर ही रबरं अशी कापायची, कुणाला विचारायचं नाही.’ कात्री हातात आली आणि धडधड थांबली. ती कात्री मी पुढं दोन आठवडे नाडीत ओवून गळ्यात घातली, मंगळसूत्राशेजारी. एकदाही लागली नाही. ज्यांचं तोंड तारेनं बांधतात त्यांना तार कापायची पकड देतात, ती घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवावी.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त येते, हे आधीच सांगितलं होतं म्हणून बरं. लेक दारातून आत आली आणि क्षणभर दुसऱ्याच कॉटकडं वळली.

३ जुलै, सोमवार, गुरुपौर्णिमा. मोबाइलवर जुन्या विद्यार्थ्यांचे नमस्कार येत होते आणि मी डिस्चार्जच्या कागदाची वाट बघत बसलेली. अकराला डॉक्टरांनी सोडलं, कंपनीची शेवटची मंजुरी आली सव्वासहाला. मधल्या काळात प्लेटा-स्क्रूंच्या पाकिटावरचे स्टिकर मागितले. ते फाइलला चिकटवलेले होते म्हणून निभावलं. तुम्हीही आधी बघून ठेवा. बिल १,१२,६०० रुपये. मंजूर ९६,३५०. आमच्या खिशातून १६,२५०, त्यातले ९,८५० ग्लोव्हज-सिरिंजसारख्या विम्यात न चालणाऱ्या वस्तूंचे. उरलेले ६,४०० खोलीपायी. पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा आम्ही वरची खोली घेतली, तर नुसत्या भाड्यातला फरक नाही, इतर काही खर्चही त्या प्रमाणात कापतात. हे कुणी सांगत नाही. मर्यादा विचारूनच खोली घ्या.

घरी आल्यावर खरी परीक्षा स्वयंपाकघराची. रबरं असताना जे काही जाईल ते दातांच्या फटीतून किंवा शेवटच्या दाढेमागच्या पोकळीतून. मोठी सिरिंज, तिला बोटभर मऊ नळी, नळी गालातून मागं सरकवायची आणि हळूहळू दाबायचं. सासूबाईंनी हे तंत्र दोन दिवसांत आत्मसात केलं. भाकरी आमटीत कुस्करून मिक्सरला, मग गाळणीनं, मग पुन्हा बारीक चाळणीनं. मुगाचं कढण, नाचणीची आंबील, ताक, प्रोटीनची पावडर. तिखट अजिबात नाही, टाक्यांना झोंबतं. दर खाण्यानंतर औषधी पाण्यानं चूळ आणि लहान मुलांच्या ब्रशनं तारांवरून हलका हात. कंटाळा आला तरी हे सोडू नका. हिरडी चिघळली तर आतली प्लेटही धोक्यात येते.

ताकद भरावी म्हणून डॉक्टरांनी मटणाचं पाणी सांगितलं होतं. १८ जुलैला अधिक महिना लागला. सासूबाई अधिक महिना कडक पाळतात. मी सांगून टाकलं, राहू दे. त्यांनी मागच्या अंगणात जुना स्टोव्ह काढला, वेगळं पातेलं घेतलं आणि अळणी पाणी उकळून दिलं. ‘औषध आहे ते,’ म्हणाल्या, आणि मग आंघोळ करून देवापुढं बसल्या. त्याच महिन्यात माझ्या आईकडं जावयाचं धोंड्याचं जेवण झालं. ह्यांनी पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाल्ले. माझ्यासाठी आईनं पुरण दुधात पातळ करून ठेवलं होतं. मी प्याले आणि रडले. मग हसू आलं, तर तेही दुखलं.

१४ जुलैला दिवसाची रबरं सुटली, फक्त रात्री लावायची. आणि व्यायाम सुरू. कानापुढचा तुकडा न उघडल्यामुळं हा व्यायाम म्हणजेच त्याचं ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले. जबडा नुसता बांधून ठेवला तर सांधा आखडतो. आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्या, एकावर एक रचून दातांत धरायच्या, एकेकीची जाडी दोन मिलिमीटर. पहिल्या दिवशी सात मावल्या. आरशासमोर उभं राहून तोंड सरळ रेषेत उघडायचं, कारण ते उजवीकडं पळतं. लेकीनं आरशावर स्केचपेननं उभी रेघ मारून दिली. दिवसातून पाच वेळा, दर दोन-तीन दिवसांनी एखादी काडी वाढवायची. २८ जुलैला बारा झाल्या. मध्ये एक आठवडा मी कंटाळून सोडलं, तर दोन काड्या मागं गेले.

शाळेत १७ जुलैलाच रुजू झाले होते, तीन आठवड्यांची रजा संपवून. तोंडात पट्ट्या, त्यामुळं ‘स’ आणि ‘श’ नीट निघेनात. चौथीच्या पोरांनी आठवडाभर माझी शुद्धलेखनाची परीक्षा घेतली. मी काय म्हणाले ते लिहायचं, आणि पोरं तसंच लिहायची.

पट्ट्या काढल्या ११ ऑगस्टला, सहा आठवडे होताच. तेव्हा काड्या सोळा. बांधताना जितका त्रास, त्याच्या पाव हिश्शानं काढताना. एकेक तार कापून ओढायची, हिरड्यांतून रक्त येतं, वीस मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात दात साफ करून घेतले, आठशे रुपये. आतल्या प्लेटा तशाच राहतात. त्रास झाला तरच काढतात. माझं वजन ५८ वरून ५२ वर आलं होतं.

पहिली खरी भाकरी २६ ऑगस्टला, नऊ आठवड्यांनी. सासूबाईंनी पापुद्रा काढून दिला, मी मधला भाग मागितला. डावीकडं चावायची हिंमत होईना, उजवीकडं कानाशी कट् असा आवाज. तो आवाज अजून येतो, मोठी जांभई दिली की. डॉक्टर म्हणाले, दुखत नाही ना, दात जुळतात ना, मग राहू दे.

विम्याची दुसरी फाइल सप्टेंबरात टाकली, ॲडमिट होण्याआधीच्या आणि नंतरच्या खर्चाची. ओपीजी, सिटीस्कॅन, मेण सोडून औषधं, सगळ्याचे पैसे आले. पहिल्या दवाखान्याचे बाराशे गेले, कारण नंबर-शिक्का असलेलं बिलच नव्हतं. बधीरपणा कमी होताना आधी मुंग्या येतात, ऑगस्टअखेर त्या सुरू झाल्या. ओठ बराचसा जागा झाला, पण हनुवटीच्या डाव्या बाजूला रुपयाएवढी जागा अजून झोपलेली आहे. म्हणून चहा पिताना रुमाल हातात असतो.

१९ सप्टेंबरला गणपती बसले. काड्या एकोणीस, म्हणजे अडतीस मिलिमीटर. उकडीचा मोदक तोंडात मावेल इतकं. पहिला मोदक मी कळीकडून धरला, चावला, डावीकडं. सगळे बघत होते. दात बरोबर लागले. लेक म्हणाली, ‘आई, सारण हनुवटीवर आलंय.’ मला कळलंच नव्हतं.